बोट ठीक

विमानाची चाकं धरणारे पाय दुरुस्त करणाऱ्या त्या शॉपमध्ये भिंतीवर दोन घड्याळं होती, एक तापमापक होता आणि हवेतली ओल सांगणारी एक काचेची तबकडीही होती. दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन त्या सगळ्यांवर ‘बरोबर आहे’ असं सांगणारी चिकटपट्टी लावून जायचं. पण बुश बसवायची वेळ आली की त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. दाबयंत्रावरचा प्रेसवाला मान वळवून हाक मारायचा, "काका, बोट लावा!"

मग सीलंटच्या खोलीतून काका यायचे. घाईने कधीच नाही. उजव्या हातातल्या मोज्याची तर्जनी टोकाला कापलेली असायची. हातमोजे पूर्ण घालायचा नियम होता, आणि काका तो नऊ बोटांपुरता पाळायचे. उघड्या बोटाने ते डब्यातल्या राखाडी सीलंटला हलकेच टेकायचे, बोट उचलायचे, अंगठ्यावर एकदा घासायचे आणि छताकडे बघायचे. तेवढा वेळ प्रेस थांबायचा. नंतर ते म्हणायचे "चालेल", किंवा म्हणायचे "फेका". त्यावर अपील नव्हतं.

त्या सीलंटचं एवढं काय, ते आधी सांगायला हवं. विमानाच्या पायाचा जाड भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो. जिथे पाय दुमडतो, तिथे त्याला भोकं असतात, आणि भोक झिजू नये म्हणून आत ब्राँझची नळी बसवतात. तो बुश. बुश गारठवून आकसवायचा, भोकाच्या भिंतीला दोन भाग मिसळून केलेला, हळूहळू घट्ट होणारा सीलंटचा लेप द्यायचा आणि लेप ओला आहे तोवर बुश दाबून बसवायचा. वरून बघणाऱ्याला वाटतं, लेप म्हणजे गोंद. तो गोंद नव्हे. तो मधला पडदा आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि ब्राँझ अंगाला अंग लावून बसले आणि मधे ओल शिरली की तिथे बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो. ब्राँझला काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र आतल्या आत विरघळत जातं, पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर पडतं, आणि वरून रंग जसाच्या तसा चकचकीत राहतो.

नव्याने आलेल्यांना काका हे एवढं सांगत बसायचे नाहीत. ते म्हणायचे, "धातूंचं आपापसात काही वाकडं नसतं रे. पाणी मधे आलं की चहाडी लागते. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. आणि चहाडीत झिजतो कोण? साधा असतो तो." आणि अ‍ॅल्युमिनियमवर टकटक करायचे.

"माझ्या घरात ब्राँझ कोण, ते सांगू का काका?" प्रेसवाला विचारायचा.

"नको. तुझ्याकडे बघून वाटतं, तुझ्या घरात तूच पाणी आहेस."

प्रेसवाला हा काकांचा अठ्ठावीस वर्षांचा सोबती. दोघांचे डबे एका टेबलावर उघडायचे आणि दोघांच्या गुडघ्यांची तक्रार एकाच वर्षी सुरू झाली होती. काकांना निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा निरोपाच्या दिवशी काय करायचं हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. "तुम्हाला घड्याळबिड्याळ काही नाही. तुमच्या बोटाला पितळी टोपी करून देणार. आत लेप लावून."

काका मूळचे विमानवाले नव्हेत. वडील भांड्यांना कल्हई करायचे. कथील कधी धरेल आणि कधी घसरेल, हे ते तापल्या भांड्याजवळ बोट नेऊन सांगायचे, आणि काकांचं लहानपण त्या धुरात डोळे चोळत गेलं. पुढे कारागिरीच्या शाळेत दोन वर्षं काढून ते या शॉपच्या रंगखात्यात लागले आणि रंगखात्यातून सीलंटच्या खोलीत आले. ती खोली कोणालाच नको असायची. वास, चिकटा, खिडकी नाही, आणि काम चांगलं झालं तर नाव प्रेसवाल्याचं. काका तिथे एकतीस वर्षं राहिले.

बोटाची कीर्ती झाली ती सतराव्या वर्षी. बाहेरून आलेल्या सीलंटचे चाळीस डबे काकांनी बोट लावून एका बाजूला काढले. "हे धरणार नाही." कागद सगळे चोख होते. तेव्हाचे साहेब चिडले, तरी त्यांनी दोन डबे प्रयोगशाळेत पाठवले. तीन दिवसांनी निकाल आला, डबे सदोष. साहेबांनी त्या दिवशीच्या कामाच्या कार्डावर, जिथे सीलंट मिसळल्याची आणि लावल्याची वेळ लिहायची असते, त्या रकान्यात हसत हसत लिहिलं, ‘बोट ठीक’. थट्टा होती. पण थट्टेची रीत झाली. दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याने तेच लिहिलं, आठवड्याने सगळ्यांनी. बाहेरून तपासणीला आलेल्या एकाने एकदा विचारलं, हे काय? साहेबांनी सांगितलं, ही आमची चिकटपणाची चाचणी आहे. पाहुण्याने मान डोलावली. त्यानंतर त्या रकान्यात कोणी वेळ लिहिली नाही.

तीन वर्षांपूर्वी बोटाने दगा दिला.

एकदम नाही. सुरुवात पायांपासून झाली. चप्पल निसटायची आणि जिना चढून वर आल्यावर काकांना कळायचं की एकच चप्पल पायात आहे. मग शर्टाचं बटण. बटण बोटात आहे की सुटलं, हे बघितल्याशिवाय समजेना. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून अंगठ्याला टेकवला आणि विचारलं, थरथर जाणवते का? काकांनी चिमट्याकडे बघून "हो" म्हटलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि पुन्हा विचारलं. काकांनी डोळे उघडून चिमटा कुठे आहे ते बघितलं.

"साखरेने नसा खाल्ल्यात," डॉक्टर म्हणाले. "हातांनाही होईल. झालंच असेल. काम काय करता?"

"असंच. कारखान्यात."

शॉपमध्ये सांगायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही ठरवलं. मग हाक आली, "काका, बोट लावा," आणि ते उठून गेले, बोट टेकवलं, अंगठ्यावर घासलं, छताकडे बघितलं. बोटाने काहीच सांगितलं नाही. जणू दुसऱ्याचंच बोट हातात घेऊन उभे होते. पण छताकडे बघताना वाटेत घड्याळ दिसलं. डबा किती वाजता मिसळला हे त्यांच्या डोक्यात होतं. गार खोलीत मिसळल्यापासून दोन तास चालतं. सव्वा तास झाला होता. ते म्हणाले, "चालेल."

चाललंही. इतक्या वर्षांचा अनुभव पाठीशी असला की माणूस डोळे मिटूनही बराच पल्ला गाठतो. लोक बोटाकडे बघत राहिले आणि काका घड्याळाकडे. फक्त ते दमायला लागले. पूर्वी बोटाने आपोआप व्हायचं ते आता डोक्याने करावं लागे, आणि वर चेहरा पूर्वीचाच ठेवावा लागे. संध्याकाळी बसमधे खिडकीला डोकं टेकलं की त्यांचा थांबा निघून जायचा.

आणि एका उन्हाळ्यात सीलंटच्या खोलीतलं गारव्याचं यंत्र एकोणीस दिवस बंद पडलं.

दोन तासांचा हिशोब गार खोलीचा. उकाड्यात सीलंट दीड तासात मरतं, कधी सव्वा तासात. वरून तसंच दिसतं, राखाडी आणि मऊ, पण भिंतीला धरत नाही. बोटाला हे आपसूक कळलं असतं. घड्याळाकडे बघणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी आठवणीने वजाबाकी करावी लागते. काकांनी ती केली. बहुतेक दिवशी केली. एकोणिसाच्या एकोणीस दिवस केली का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हा ते विमान परत आलं.

खरं तर त्याचे पाय अजून सहा-सात वर्षं उघडायचे नव्हते. पण ते एकदा आपटून उतरलं, आणि आपटून उतरलेल्याचे पाय सोडवून बघायचे असा नियम. दुपारी जेवणानंतर प्रेसवाल्याने पहिला बुश बाहेर दाबला. एरवी बुश निघताना टणकन आवाज येतो. हा कुरकुरत निघाला. त्याच्या पाठीवरून मिठासारखं पांढरं काहीतरी टेबलावर सांडलं.

तपासनीस मॅडमना बोलावलं. शॉपमध्ये मॅडम म्हणजे भिंग, आणि भिंगाच्या मागे एक शांत, कधी न हसणारा डोळा. त्यांनी भोकात दिवा सोडला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"खड्डे आहेत," त्या म्हणाल्या. "एका बाजूला चार. लेप तिथे लागलेलाच नाही, नुसता पापुद्रा आहे. जुनं कार्ड काढा."

कार्ड निघालं. उन्हाळ्यातली तारीख. शिक्का चौदा नंबरचा, म्हणजे काकांचा. वेळेच्या रकान्यात प्रेसवाल्याच्या अक्षरात, ‘बोट ठीक’. खाली मॅडमची सही.

काकांनी तारीख वाचली आणि त्यांना त्या खोलीचा उकाडा आठवला. मानेवरून ओघळणारा घाम तेव्हा जाणवला होता, तसा आत्ताही जाणवला.

"सीलंटच खराब असेल," मॅडम कार्डाकडे बघत म्हणाल्या, "किंवा विमान कुठे उडतंय ते बघायला हवं. खड्ड्यांचं कारण उद्या दुपारपर्यंत लिहून द्यायचंय. काका, तुम्हाला काय वाटतं?"

"बघतो," काका म्हणाले.

चहाच्या वेळी प्रेसवाल्याने त्यांना हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

"मी चौकशी केली. विमान समुद्रकाठच्या धावपट्टीवर असतं. बारा महिने खारी हवा. संपलं! खारी हवा लिहायचं, खड्डे घासायचे, मोठ्या मापाचा बुश घालायचा, चला पुढे."

"खारी हवा आत शिरली कुठून? लेप असता तर शिरली असती?"

"आता एका लेपाने काय होतं? शंभरात एखादा जायचाच."

"एखादा गेला तर शोधून काढता येतो," काका म्हणाले. नळ चालूच होता. ते पाण्याखाली धरलेल्या बोटाकडे बघत होते. पाणी गार की कोमट, कळत नव्हतं. "बोट गेलं तर काय शोधणार?"

"म्हणजे?"

काकांनी सांगितलं. दोन वाक्यांत आटपलं.

प्रेसवाल्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग नळ बंद केला. "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कळलं? चार महिने राहिलेत. गप गुमान काढा. आजवर झालेलं काम आकाशात फिरतंय, पडलं का काही? तोंड उघडलंत तर तीन वर्षांचे सगळे पाय परत येतील. उघडणार कोण? मी. माझ्या गुडघ्यांनी."

"माहीत आहे."

"मग कशाला उगाच झाकली मूठ उघडता?"

काका खोलीत जाऊन बसले आणि सुटी होईपर्यंत रिकामे डबे पुसत राहिले.

घरी बायको खिडकीशी मशीनवर बसली होती. ती लोकांच्या कपड्यांची उसवलेली शिवण दुरुस्त करून द्यायची. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला गेल्यापासून घरात मशीनचाच काय तो आवाज. काका समोरच्या खुर्चीत बसले. बूट काढायलाही वाकले नाहीत. तिने पाय थांबवला.

"काय झालं हो?"

"काही नाही. एक काम परत आलं."

"तुमचं?"

"माझं."

तिने दोरा तोडला. "बोटाचं सांगितलंत का त्यांना?"

काकांनी मान वर केली.

"बघता काय असे? आंधळी आहे का मी?" ती म्हणाली. "वाफाळत्या चहाचा पेला असा धरता, जशी काठी धरावी. मागच्या महिन्यात माझी सुई तुमच्या तळहातात शिरली होती. अर्धी. तुम्ही पेपर वाचत होतात. मी काढली, पुसलं, तुम्ही पान उलटलंत."

"बोलली नाहीस ते?"

"म्हटलं, हा माणूस आपणहून सांगेल. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढी तरी आशा ठेवावी बाईने." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला दोरा ओवता येईनासा झाला, तेव्हा मी काय केलं? शेजारच्या मुलीला सांगितलं, बाई गं, सकाळी दहा सुया ओवून ठेवत जा. गेली का माझी अब्रू?"

"तुझा दोरा चुकला तर बाही उसवते."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. तिने उठून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. डाव्या बुटात एक छोटा खडा होता. दिवसभर चालून तळव्याला लाल खळगा पडला होता. काकांना पत्ता नव्हता. तिने खडा त्यांच्या समोर टेबलावर ठेवला आणि पाणी तापवायला गेली.

काका त्या खड्याकडे बघत बसले. आपल्यालाच लागत नाही म्हणून काही रुतत नाही असं थोडंच आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तोही विचार सोडला.

सकाळी ते प्रेसकडे न जाता सरळ मॅडमच्या केबिनमधे गेले.

"ते कारण लिहायचं होतं ना. माझं बोट गेलंय. तीन वर्षं झाली. मला चिकट-कोरडं काही कळत नाही. घड्याळ बघून सांगायचो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, एका बुशावरून स्वतःला एवढं लावून घेऊ नका. माणूस दमला की असं वाटतं."

"परीक्षा घ्या."

त्या नको नको म्हणत उठल्या. सीलंटच्या खोलीतून दोन झाकणं आणली, एकावर आत्ता मिसळलेलं सीलंट, दुसऱ्यावर कालचं, दगड झालेलं. टेबलावर ठेवली. "मिटा डोळे."

काकांनी डोळे मिटले. मॅडमनी त्यांचं मनगट धरून बोट खाली टेकवलं. काकांनी बोट उचललं, सवयीने अंगठ्यावर घासलं. "हे ओलं," ते म्हणाले. मॅडमनी पुन्हा बोट टेकवलं. "हे सुकलेलं. कालचं."

काकांनी डोळे उघडले. दोन्ही झाकणं मॅडमच्या बाजूला तशीच होती. त्यांचं बोट टेबलाच्या कोरड्या पत्र्यावर होतं.

"दोन्ही वेळा टेबलच होतं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, टेबल लागलं की तुम्ही हसाल. म्हणाल, मॅडम, कशाला थट्टा करता."

काकांनी हात मागे घेतला. वडिलांचं बोट होतं ते, कल्हईच्या धुरातून आलेलं. चौदा वर्षं शॉपने त्याला घड्याळाच्या वर बसवलं होतं. आता ते पत्र्याला सीलंट म्हणत होतं. रडू वगैरे आलं नाही त्यांना. फक्त बसावंसं वाटलं, म्हणून ते न विचारता बसले.

मॅडमनी कपाट उघडलं आणि तीन वर्षांची कार्डं टेबलावर काढली. एकेक उलटत गेल्या. बोट ठीक. बोट ठीक. बोट ठीक. प्रत्येकाखाली त्यांची सही.

"एका कार्डावर जरी वेळ लिहिलेली असती," त्या म्हणाल्या, "तरी तेवढं वगळता आलं असतं. आता चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, कसं सांगायचं? मी भिंगातून सगळं बघते काका. हा रकाना मी कधी बघितलाच नाही. तुमचं नाव असलं की सही करून मोकळी."

"माझ्यामुळे..."

"तुमच्या बोटामुळे असेल. हे अक्षर तुमचं नाही, आणि सही तर माझी आहे." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "काय लिहू?"

"जे आहे ते. बोटाला कळत नव्हतं. तीन वर्षं."

त्यांनी तसंच लिहिलं. खाली काकांनी शिक्का मारला, चौदा नंबर. मॅडमनी शेजारी सही केली आणि कागद वर पाठवला.

कार्डांवरून सव्वीस पाय निघाले. तेरा विमानं. त्या उन्हाळ्यातली आधी उतरवून उभी केली आणि बाकीची एकामागून एक यायला लागली. शॉपच्या सुट्या गेल्या. सगळ्यांचे डबे दोनदोन झाले. साहेबांनी काकांना बोलावून फार काही सुनावलं नाही. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. खोलीचं काम काढून घेतलं आणि त्यांना प्रेसशेजारच्या टेबलावर कार्डं लिहायला बसवलं. पितळी टोपीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

प्रेसवाल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. डबा दुसऱ्या टेबलावर नेला. काकांना ऐकू जाईल असं तिथून म्हणायचा, "काहींचं बरं असतं. स्वतः निघाले आणि आमच्या गळ्यात लोढणं अडकवून चालले."

काका ऐकायचे आणि लिहायचे. पायाचा नंबर, बुशचा नंबर, बाहेर निघाल्याची वेळ, आत काय दिसलं. बुश टणकन निघाला की त्यांचे खांदे जरा खाली यायचे, आणि पुढचा प्रेसखाली सरकला की पुन्हा वर. दिवसात आठ-दहा वेळा असं व्हायचं. आपणच बसवलेलं एकेक उपसून बाहेर येताना बघणं हे बसवण्यापेक्षा जास्त दमवणारं काम आहे, हे त्यांना या वयात कळलं. लेप आत बघायला मिळायचा, भोकभर पसरलेला, एकसारखा, कुठे बुडबुडा नाही. चांगलं काम होतं. ते खरवडून काढावं लागायचं.

पहिले अकरा पाय स्वच्छ निघाले. बारावा कुरकुरला. मग पुन्हा सहा स्वच्छ. एकोणिसाव्यात पांढरं सांडलं आणि मॅडमनी भोकात दिवा सोडला, तो बराच वेळ बाहेर काढला नाही. मग त्यांनी प्रेसवाल्याला जवळ बोलावलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "बघा तुम्ही."

खड्ड्याच्या तळापासून एक भेग निघाली होती. केसाएवढी, नखाच्या लांबीची. अजून बाहेर पोचली नव्हती. बाहेरून त्या पायाचा रंग आरशासारखा होता.

प्रेसवाल्याने भिंग परत दिलं. हात पुसले. बाहेर गेला. चहाची वेळ नव्हती, तरी दोन पेले घेऊन आला आणि एक काकांच्या कार्डांशेजारी ठेवला. फडक्यात गुंडाळून ठेवला, धरल्यावर भाजू नये म्हणून.

"हे उडत होतं," तो म्हणाला.

"हं."

"मी म्हणालो होतो, पडलं का काही."

"पी. गार होईल."

दुसऱ्या दिवशी त्याचा डबा पुन्हा जुन्या टेबलावर आला. त्याबद्दल दोघंही बोलले नाहीत. गुडघ्यांबद्दल बोलले.

शेवटचा पाय काकांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात उघडला. सव्वीसपैकी बावीस चांगले, चार वाईट. प्रेसवाल्याने आकडा मोठ्याने वाचला आणि खुर्ची ओढून बसला.

"बावीस चांगले निघाले की हो. बोट नसताना बावीस! म्हणजे तुमच्या डोक्यालाच टोपी करायला हवी."

"कोणते बावीस," काका म्हणाले, "ते मला माहीत नव्हतं."

प्रेसवाल्याने हसायला उघडलेलं तोंड मिटलं.

मग नवा बुश बसवायची वेळ झाली. सीलंटच्या खोलीत आता रंगखात्यातली एक बाई आली होती. तिने डबा आणून ठेवला. झाकणावर तिने जाड अक्षरात मिसळल्याची वेळ लिहिली होती, दोन वाजून दहा मिनिटं, आणि खाली खोलीचं तापमान. बर्फातून काढलेल्या बुशवरून वाफ उठत होती. प्रेसवाल्याने मान वळवली, अठ्ठावीस वर्षं वळवायचा तशीच. ओठांवर "काका" आलं. पुढचा शब्द त्याने गिळला. काकांचे दोन्ही हात टेबलावर होते. मोजे पूर्ण होते, दहाही बोटांचे.

"काका," तो म्हणाला, "किती वाजले?"

काकांनी भिंतीकडे बघितलं. सगळ्यांसमोर, सरळ मान करून, सावकाश.

"पावणेतीन. लाव," ते म्हणाले आणि कार्डावर वेळ लिहायला खाली वाकले.